शेपटी तेवढी पाहिली

मी नागपूरच्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. हे वाक्य मला बहुतेक ठिकाणी दोनदा सांगावे लागते. मराठी माणसे विचारतात, "उर्दू शाळेत मराठी असते?" आणि आपल्यातले लोक लग्नकार्यात विचारतात, "मराठी? वो भी तुम?" दोघांनाही मी हसून उत्तर देते. आता सवय झाली आहे.

बी.एड. करताना आम्हाला पाठ टाचण काढावे लागे. त्यात 'शैक्षणिक साधने' असा एक रकाना असायचा. चित्रापेक्षा प्रतिकृती बरी आणि प्रतिकृतीपेक्षा प्रत्यक्ष वस्तू बरी, असे आम्हाला शिकवलेले. पेरूवर पाठ असेल तर पेरू न्यावा. मी नेत असे. पण नोकरी लागल्यावर कळले, की पुस्तकातल्या निम्म्याहून जास्त वस्तू पिशवीत घालून नेता येत नाहीत. समुद्र, बर्फ, किल्ला, विमान. मी समुद्र पाहिला तो लग्नानंतर, मुंबईला हाजी अलीला गेलो तेव्हा. त्याआधी चार वर्षे मी मुलींना समुद्राच्या कविता शिकवत होते, लाटा कशा येतात ते हात हलवून दाखवत होते. "आपा, तुम्ही पाहिला आहे का?" असे कोणी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही.

विचारणारी मुलगी मला नंतर भेटली. तिचे नाव इथे लिहीत नाही. तेव्हा ती सातवीत होती, पहिल्या बाकावर भिंतीकडे बसायची.

जानेवारी २०२४ च्या अखेरीस केंद्र सरकारने देशातल्या हिमबिबट्यांची पहिली शास्त्रशुद्ध गणना जाहीर केली. या मुलीने उर्दू वर्तमानपत्रातले कात्रण वहीत घालून आणले आणि मधल्या सुट्टीत माझ्यासमोर ठेवले. "आपा, इसको मराठी में क्या बोलते?" मी तासाला फळ्यावर लिहिले, 'हिमबिबट्या'. हिम म्हणजे बर्फ, बिबट्या म्हणजे तेंदुआ. मागच्या बाकावरून आवाज आला, "मतलब बर्फानी चीता!"

आता हा चीता आमच्या घराघरांतला जुना घोटाळा आहे. अंगावर पट्टे असतील तो शेर आणि ठिपके असतील तो चीता, एवढेच आमच्या मोहल्ल्याचे प्राणिशास्त्र. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियाहून आठ चित्ते मध्य प्रदेशात कुनोला आणले, तेव्हा आमचे मामू चिडून म्हणाले होते, "बाहेरून कशाला मागवले? आपल्याकडे काय कमी चीते आहेत? परवाच एक गावात शिरला होता." गावात शिरलेला तो बिबट होता. मी फळ्यावर तीन रकाने पाडले आणि चित्ता, बिबट्या, हिमबिबट्या हे तिघे वेगवेगळे करून दाखवले. तास छान रंगला.

मग तिने हात वर केला. "आपा, सात सौ अठारह गिने कैसे? बर्फ में तो दिखते नहीं ना?"

घरी जाऊन मी वाचले आणि दुसऱ्या दिवशी सांगितले. २०१९ ते २०२३ या काळात हिमालयात १,९७१ ठिकाणी कॅमेरे लावले. समोरून प्राणी गेला की कॅमेरा आपोआप फोटो काढतो. प्रत्येक हिमबिबट्याच्या अंगावरच्या ठिपक्यांची ठेवण वेगळी असते, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखी. त्यावरून २४१ वेगवेगळे हिमबिबटे ओळखता आले. त्या आकड्यावरून आणि पायांच्या ठशांसारख्या खुणांवरून गणिताने अंदाज काढला, ७१८.

तिने वहीत वजाबाकी केली. "मतलब चार सौ सतहत्तर का तो फोटो भी नहीं आया. बगैर देखे गिन लिये?"

मी म्हणाले, "हिशेबाने मोजले." पण ते माझे मलाच पटलेले नव्हते.

फेब्रुवारीत शाळेची सहल महाराजबागेत गेली. नागपुरात वाढलेल्या माणसाला महाराजबाग सांगावी लागत नाही. भोसल्यांची ही बाग. इथले प्राणिसंग्रहालय १८९४ चे. आता ते पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे आहे. माझ्या अब्बांनी मला ईदच्या दुसऱ्या दिवशी सायकलवर बसवून इथे आणले होते आणि मीही माझ्या मुलाला आणते. २६ जानेवारी २०२१ ला गोरेवाड्याचे मोठे उद्यान सुरू झाले. तिथे बसमध्ये बसून वाघ, बिबट, अस्वल पाहता येतात. पण बेचाळीस मुलींचे तिकीट काढायचे म्हटले की आमच्या शाळेला महाराजबागच परवडते.

बिबट पिंजऱ्यात मागच्या बाजूला झोपला होता. कॉलेजची तीन-चार पोरे जाळीजवळ उभी राहून शिट्ट्या मारत होती, "उठ ना बे, उठ!" एकाने शेंगदाणे फेकले. बिबटाने कान हलवला आणि तोंड फिरवून घेतले. आमच्या मुलीही हिरमुसल्या. "और बर्फानी कहाँ है?" एकीने विचारले. मी सांगितले, तो इथे कसा राहील? मे महिन्यात नागपूर ४५ अंशांपर्यंत तापते. त्याच्या अंगावर दाट लोकर, पंजांच्या तळव्यालाही केस. तो दार्जिलिंगच्या प्राणिसंग्रहालयात आहे.

पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "आप जाओगे तो देख के आओगे ना? किताब का नहीं, आँख से देख के."

मी इन्शाअल्लाह म्हणाले. आपण जे करायचे नसते त्यालाही कधी कधी इन्शाअल्लाह म्हणतो, तसे.

पण त्या वर्षी माझी भिशी एप्रिलमध्ये उठली. पती म्हणाले, कुठेतरी थंड हवेला जाऊ. मी दार्जिलिंग म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, "एवढा पैसा घालता तर अजमेरला जाऊन या, सवाब तरी मिळेल." त्यांना हिमबिबट्याचे काय सांगणार? मी म्हणाले, मुलाला टॉय ट्रेन बघायची आहे.

निघण्याआधी मी बरेच वाचून घेतले. हिमबिबट्या वाघ-सिंहासारखी डरकाळी फोडत नाही. त्याची शेपटी जवळजवळ त्याच्या अंगाएवढी लांब असते. कड्यावर उडी घेताना तिने तोल सांभाळतो आणि झोपताना तीच तोंडावर पांघरून घेतो. जगात तो बारा देशांत आहे. आपल्या जवळच्या कान्ह्याच्या जंगलात १९६३ ते १९६५ या काळात वाघांचा अभ्यास करणारे जॉर्ज शेलर नावाचे शास्त्रज्ञ पुढे चित्रालच्या डोंगरांत गेले आणि १९७० मध्ये त्यांनी जंगलातल्या हिमबिबट्याचे पहिले फोटो काढले. कान्हा म्हणजे आमच्याकडची गाडी करून जाण्याची जागा. तिथून निघालेला माणूस बर्फापर्यंत पोहोचला, हे वाचून मला उगीचच धीर आला.

गीतांजली एक्स्प्रेसने हावडा, सियालदहून दार्जिलिंग मेलने न्यू जलपाईगुडी, पुढे जीप. बुधवारी संध्याकाळी पोहोचलो. गुरुवारी सकाळी नाश्ता करून चढ चढत प्राणिसंग्रहालयाच्या फाटकापाशी गेलो तर बंद. दर गुरुवारी ते बंद असते. एवढे सगळे वाचणाऱ्या बाईने हे वाचले नव्हते. पती काही बोलले नाहीत, ते बोलले असते तर बरे झाले असते. शनिवारी सकाळी परतीची जीप ठरलेली होती. हातात फक्त शुक्रवार उरला आणि त्यातही दुपारी यांना जुम्याच्या नमाजला जायचे होते. कांचनजंगा दोन्ही दिवस ढगांतच होते. हॉटेलवाला खिडकीतून पांढऱ्या ढगाकडे बोट करून रोज सांगायचा, "बस, उसके पीछे ही है."

शुक्रवारी फाटक उघडताच आम्ही आत गेलो. जवाहर पर्वतावर, सुमारे सात हजार फुटांवर हे उद्यान आहे. आमचे नागपूर हजार फुटांवर, म्हणून पायऱ्या चढताना धाप लागत होती. १९५८ मध्ये ते सुरू झाले. १९७५ मध्ये त्याला पद्मजा नायडूंचे नाव दिले. त्या सरोजिनी नायडूंच्या कन्या, पश्चिम बंगालच्या राज्यपाल होत्या. हिमालयातल्या दुर्मिळ प्राण्यांची पैदास करण्यासाठी हे ठिकाण प्रसिद्ध आहे. हिमबिबट्यांच्या पैदाशीचे काम इथे १९८० च्या दशकात सुरू झाले. ते केंद्र टोपकेदारा इथे गर्दीपासून वेगळे ठेवले आहे, कारण हा प्राणी माणसांच्या गलबल्यात पिल्ले वाढवत नाही.

लाल पांडा पाहून मुलगा वेडा झाला. तो झाडावर समोरच बसला होता, जणू फोटोसाठीच. काळे अस्वल दिसले, लांडगा दिसला. मग हिमबिबट्याच्या कुंपणापाशी आलो. फलक वाचला. आत पाहिले. मोठे राखाडी दगड, थोडे गवत, एक लाकडी ओंडका. बाकी काही नाही.

लोक येत होते, दोन मिनिटे बघत होते, "कुछ नहीं है" म्हणून पुढे जात होते. मी थांबले. पहारेकऱ्याला विचारले, तर तो म्हणाला, "वहीं है. सुबह से उसी पत्थर पे है." कोणत्या पत्थरावर? त्याने हनुवटीने दाखवले. तिकडे पाच-सहा दगड होते आणि सगळ्यांचा रंग सारखाच.

तेवढ्यात एक मराठी कुटुंब आले. मी मुलाला सांगत होते, "तो बघ, त्या दगडाच्या डावीकडे नीट बघ." त्यातल्या बाईंनी वळून माझ्याकडे, माझ्या स्कार्फकडे पाहिले. "अय्या, तुम्हाला मराठी येतं? किती छान बोलता! आम्हाला वाटलं तुम्ही हैदराबादच्या." मी म्हणाले, "नागपूरची आहे, ताई." "हो का? मूळच्या कुठल्या पण?" मी म्हणाले, "मूळची पण नागपूरचीच." त्या हसल्या, मीही हसले. माणसे वाईट नव्हती, मुलाला त्यांनी चिक्की दिली. जाताना म्हणाल्या, "इथे काही नाहीये हो, उगाच थांबू नका."

मी थांबले. चाळीस मिनिटे झाली असतील. त्या बाईंचे शब्द डोक्यात घोळत होते. त्यांनी माझ्याकडे बघितले आणि त्यांना हैदराबाद दिसले. मी दगडाकडे बघत होते आणि मला दगडच दिसत होता. मला एकदम वाटले, आपण सगळेच ओळखीचे असेल तेवढेच बघतो. आणि आणखी एक वाटले. पिंजऱ्यातही त्या जनावराने स्वतःला लपवण्यापुरती जागा शोधली होती. रस्त्यात, रेल्वेत माझ्याकडे रोखून बघणाऱ्या नजरा मला ठाऊक आहेत. आणि मी स्वतः इथे आठ तास जरी मिळाले तरी रोखून बघायला तयार होते.

मग दगडाच्या कडेवरून काहीतरी खाली ओघळले आणि पुन्हा वर गेले. जाड, राखाडी, काळ्या वलयांची शेपटी. दोन-तीन सेकंद. मी "दिसली!" म्हणून ओरडले. मुलगा म्हणाला, "कुठे?" तोवर दरीतून धुके वर आले आणि दगडच दिसेनासे झाले. पतींनी घड्याळ दाखवले. जुम्याची वेळ होत होती.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. जुलैच्या सुरुवातीला मी वर्गात शिरले तेव्हा मुली आठवीत गेल्या होत्या, वर्ग तोच, बाक तेच. "आपा, देखे क्या?" बेचाळीस तोंडे माझ्याकडे लागली होती.

आणि मी म्हणाले, "हो, पाहिला."

का म्हणाले, हे आजही नीट सांगता येत नाही. एवढ्या लांब जाऊन, एवढा खर्च करून शेपटी पाहून आले असे सांगायची लाज वाटली असेल. एकदा 'हो' म्हटल्यावर पुढचे सोपे होते. सगळे वाचलेले होतेच. तो दगडावर उभा होता, असे सांगितले. डोळे फिकट हिरवे. या दगडावरून त्या दगडावर उडी मारली, शेपटी अशी हवेत. मग त्याने माझ्याकडे पाहिले, असेही सांगितले. मुली श्वास रोखून ऐकत होत्या. बी.एड.च्या परीक्षकांनी तो पाठ पाहिला असता तर पूर्ण गुण दिले असते. तासाच्या शेवटी मी गृहपाठ दिला, दहा ओळी लिहा, 'आपांनी पाहिलेला हिमबिबट्या'.

दोन दिवसांनी बेचाळीस वह्या घरी आणल्या. रात्री मुलगा झोपल्यावर तपासायला बसले. प्रत्येक वहीत तो उडी मारत होता. प्रत्येक वहीत तो माझ्याकडे बघत होता. मी सांगितलेली खोटी गोष्ट बेचाळीस वेळा, बेचाळीस अक्षरांत, शुद्धलेखनाच्या चुकांसकट माझ्यासमोर होती. पहिल्या बाकावरच्या मुलीची वही मी शेवटी उघडली. तिने नऊ ओळी माझ्याच वाक्यांनी लिहिल्या होत्या. दहावी ओळ तिची होती: "आपाने डोळ्याने बघितला, म्हणजे मी पण बघितली."

लाल पेन हातात होता. 'बघितली' चूक होते, 'बघितला' हवे होते. मी खूण करायला पेन टेकवला आणि हात थांबला. तिच्या वाक्यात एक काना-वेलांटीची चूक होती. माझी चूक कुठे खूण करून दाखवणार होते?

तेव्हा मला आणखी एक वाचलेली गोष्ट आठवली. ते शेलरसाहेब १९७३ मध्ये नेपाळच्या डोल्पो भागात गेले, तेव्हा त्यांच्याबरोबर पीटर मॅथिसन नावाचे लेखक होते. मॅथिसन यांना त्या सगळ्या प्रवासात हिमबिबट्या दिसलाच नाही. त्यांनी १९७८ मध्ये त्याच प्राण्याच्या नावाचे पुस्तक काढले आणि त्यात दिसला नाही असेच लिहिले. पुस्तक जगभर गाजले. त्यांना शेपटीसुद्धा दिसली नव्हती. मला निदान तेवढी दिसली होती आणि ती मी लपवून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात सांगितले, सगळे. गुरुवार, धुके, चाळीस मिनिटे. उडी नाही, डोळे नाहीत. मागच्या बाकांवर कुजबुज झाली. कोणीतरी हसले. एक मुलगी सरळ म्हणाली, "मतलब आपा झूठ बोले." मी म्हणाले, "हो, बोलले. माफ करा." उर्दू शाळा असो की मराठी, शिक्षकाने वर्गाची माफी मागण्याचा पाठ कोणत्याच टाचणात नसतो. माझा आवाज कापत होता. पुढे महिनाभर मी काहीही सांगितले की कोणीतरी विचारायचे, "आपा, ये देखे हुए हो क्या?" ते मला सोसावे लागले. ते योग्यच होते.

पहिल्या बाकावरची मुलगी बराच वेळ गप्प होती. मला वाटले, हिचा विश्वास गेला. मग तिने विचारले, "दुम तो सच्ची देखे ना?"

"हो."

"हिल रही थी?"

"हो. खाली आली आणि वर गेली."

"तो फिर वही लिखवाओ ना, आपा. हमको वो वाला चाहिए."

मी फळ्याकडे वळले आणि लिहिले, 'मी शेपटी पाहिली.' त्या आठवड्याच्या नियोजनात व्याकरणाचा कर्मणी प्रयोग होताच, तो मी तिथेच घेतला. मी बिबट्या पाहिला, मी शेपटी पाहिली, मी पिल्लू पाहिले. पाहणारी मीच आहे, पण क्रियापद माझ्याप्रमाणे बदलत नाही. जे पाहिले त्याप्रमाणे बदलते. एक मुलगी म्हणाली, "उर्दू में भी तो ऐसाच है, आपा. मैंने तेंदुआ देखा, मैंने दुम देखी." मी म्हणाले, अगदी बरोबर. दोन्ही भाषांत पाहणाऱ्याची मर्जी चालत नाही.

इतकी वर्षे मी हा नियम शिकवत होते.

मुलींनी वह्या काढल्या आणि जुन्या दहा ओळींवर आडवी रेघ मारली. पहिल्या बाकावरच्या मुलीने मात्र रेघ मारण्याआधी वही माझ्यासमोर आणली आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवले. "आपा, अब यहाँ 'बघितली' सही है ना?"

मी म्हणाले, "हो, आता बरोबर आहे. राहू दे."